रानडुकरांसाठी ग्रामसभेने बंदुकीचा ठराव करावा का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य आहात. रानडुकरं भात आणि नाचणी हाती लागू देत नाहीत. गेल्या ग्रामसभेत गावाचे दोन तट पडले. एक बाजू म्हणते, केरळात पंचायतीला डुक्कर मारायचा अधिकार मिळाला, तसा आपणही ठराव करू आणि गावात बंदुका वाढवू. दुसरी बाजू म्हणते, गावच्या हद्दीत शिकारही नको आणि बंदूकही नको, कारण शिमग्याच्या पारधीत सुटलेले छर्रे एका गोठ्याच्या पत्र्यावर येऊन आदळले. आता पुढच्या सभेत ठराव तुम्हाला मांडायचा आहे आणि तुम्ही विचारता, यातला कोणता मांडू?

माझं उत्तर असं की दोन्ही नको. मी वनखात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोकणात आणि शेवटची वनक्षेत्रपाल म्हणून. अशा सभांना मी खूप बसलोय. वाद नेहमी ‘बंदूक हवी की नको’ इथेच अडकतो. पण ग्रामसभेला बंदुकीचा परवाना देताही येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. तो अधिकार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांचा. डुक्कर मारायची परवानगी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वनखात्याची. म्हणजे दोन्ही बाजू ज्यावर भांडतायत ती गोष्ट गावाच्या हातात नाहीच. गावाच्या हातात जे आहे, त्यावर सभेत कोणी बोलत नाही.

आधी एक गैरसमज काढू या, कारण याच्यामुळे चांगली माणसं कोर्टात उभी राहिलेली मी पाहिली आहेत. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना घरात आहे म्हणजे शेतात आलेलं डुक्कर मारायला मोकळीक आहे, असं गावोगाव समजतात. तसं नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. तिने बार काढून जनावर हुसकवता येतं. जनावर मारायचं तर वेगळा लेखी आदेश लागतो, तोही मारण्याआधी. रानडुक्कर आज वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, आणि कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, पिकाचं नुकसान होतंय अशी खात्री पटल्यावर, कारणं लिहून, ठरावीक क्षेत्रापुरती परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापुरता हा अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आलेला आहे, म्हणजे तुम्हाला नागपूरला जायची गरज नाही. आदेशाशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं, तर तो गुन्हा धरत नाहीत. पण भात वाचवणं आणि जीव वाचवणं या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गवा आणि बिबट्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत येतात. त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे कारण चालतच नाही. तुमच्या सभेत कोणीतरी ‘सगळीच जनावरं’ असा शब्द ठरावात घालायचा आग्रह धरील. तो घालू देऊ नका. का, ते केरळच्या उदाहरणातूनच सांगतो.

केरळ सरकारने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामपंचायत अध्यक्ष, नगराध्यक्ष आणि महापौर यांना मानद वन्यजीव रक्षक नेमलं आणि फक्त रानडुकराबाबत आदेश काढायची मुभा दिली. तो अधिकार पंचायतीचा स्वतःचा नव्हता. राज्याने आपला अधिकार त्यांच्याकडे सोपवला, मुदत घालून आणि अटी घालून. परवाना असलेल्यानेच बंदूक चालवायची. विष, स्फोटकं, विजेचा प्रवाह वापरायचा नाही. पिलं असलेली मादी मारायची नाही. मेलेलं जनावर पुरायचं आणि नोंद ठेवायची. ही स्फोटकांची अट उगाच आलेली नव्हती. २०२० च्या मे महिन्यात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण स्फोटकं भरलेलं फळ चावून जबडा फुटून मेली. तसली फळं तिकडे डुकरांसाठी ठेवत. आपल्याकडे गावठी बॉम्ब पेरतात त्यातलाच हा प्रकार. तो चावून तोंड फाटलेली गाय मी पाहिली आहे, आणि तिचा मालक त्याच वाडीतला होता ज्या वाडीतल्या पोरांनी तो ठेवला होता.

पुढे काय झालं तेही सभेत सांगा. २०२५ च्या मार्चमध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या चक्किट्टपारा ग्रामपंचायतीने ठरवलं की वस्तीत शिरणारा कोणताही वन्यप्राणी गोळी घालून मारायचा. त्यांचा संताप मला कळतो. त्या डोंगराळ पट्ट्यात माणसं मरत होती. पण रानडुकरापुरता मिळालेला अधिकार त्यांनी वाघ-हत्तींपर्यंत ताणला, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांनी त्या अध्यक्षांचा मानद दर्जा काढून घ्यावा अशी शिफारस सरकारकडे केली. हातात होता तोही अधिकार धोक्यात आला. ठराव जेवढा मोठा, तेवढा तो टिकायला अवघड.

कोणी ‘डुक्कर उपद्रवी जाहीर करा’ म्हणेल. म्हणजे परवानगीशिवाय मारता येईल असं. ते वन्यजीव कायद्याचं कलम ६२, आणि तो अधिकार फक्त केंद्र सरकारचा. केरळने अनेकदा मागितला, मिळाला नाही. बिहारला रोही आणि रानडुकरासाठी २०१५ च्या अखेरीस एका वर्षापुरता मिळाला होता. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात शेकडो रोही मारले गेले, आणि त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री जाहीरपणे समोरासमोर आले. ग्रामसभेच्या ठरावाने हे होणार नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

वनहक्क कायद्याचं नावही निघेल. २००६ च्या त्या कायद्याने ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार दिला आहे, पण त्याच कायद्यात शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करतो, कारण तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. पहिली गोष्ट, तुमची हद्द सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला किंवा एखाद्या अभयारण्याला लागून आहे का? असेल तर पुढचं बरंचसं बदलतं आणि आधी तिथल्या कार्यालयाशी बोलावं लागेल. दुसरी, गावात चालू परवान्याच्या बंदुका किती आणि त्या चालवणाऱ्यांची वयं काय? बहुतेक वाड्यांमध्ये परवाना आजोबांच्या नावावर, नजर अधू झालेली, आणि बंदूक नातू चालवतो. तिसरी, शेतं वस्तीपासून किती लांब आहेत? कोकणात वाडीच्या मागेच खाचरं असतात. तिथे रात्री गोळी चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या पडवीच्या दिशेने गोळी चालवणं.

बंदुकीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सभेत जे तिच्या बाजूने बोलतात त्यांतल्या अनेकांनी ती हातात घेतलेली नसते. शेतीसंरक्षणासाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचाच विचार करतो. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तरच काडतुसाची मिळते. ठासणीची बंदूक म्हणजे नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची. पावसात दारू ओलावते आणि बार लागत नाही. लागला तर दुसरा बार भरेपर्यंत एक-दोन मिनिटं जातात, तेही अंधारात. तीस-चाळीस पावलांच्या पुढे छर्रे पसरतात. डुकराच्या खांद्यावरची कातडी जाड असते. ते जागेवर पडत नाही, जखमी होऊन झाळीत, म्हणजे दाट झुडपांत शिरतं. सकाळी त्या झाळीच्या कडेने गवत कापायला कोण जातं? तुमच्यासारख्या बायाच जातात. जखमी डुकराने मांडी फाडलेल्या बाईला घेऊन मी एकदा स्वतः जीपने रुग्णालयात गेलो होतो. रात्री बार कोणी काढला होता ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि पंचनाम्यात कोणी सांगितलं नाही.

ही लपवाछपवी सर्वांत वाईट. माझ्याच हद्दीत एकदा हाकाऱ्याला, म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीकडे हाकलायला गेलेल्या माणसाला खांद्यात छर्रे लागले. बरोबरच्यांनी आधी दोन तास बैठक घेतली की डॉक्टरांना काय सांगायचं. खुंटावर पडला म्हणून सांगायचं ठरलं. जखम पाहून डॉक्टरांना ते पटेना, त्यात आणखी वेळ गेला. माणूस वाचला, पण उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात याहून भयंकर घडलं: डुक्कर समजून आपल्याच साथीदारावर गोळी चालली, तो मेला, आणि बाकीच्यांनी ते दडवून ठेवलं. तुमच्या गावातला ‘बंदूक नको’ म्हणणारा गट भित्रा नाही. पत्र्यावर छर्रे आदळले, ते माणसावर येऊ शकले असते, हे त्यांना दिसतंय.

आणि तरीही मी ‘बंदी घाला’ म्हणत नाही. शिकारीला बंदी कायद्याने आहेच, ग्रामसभेने पुन्हा घालून तीत भर पडत नाही. ज्याचं दहा गुंठ्यांचं भात एका रात्रीत लोळवलं जातं त्याला फक्त बंदी ऐकवली, तर तो गाडीच्या क्लचची तार घेऊन फासकी लावतो किंवा थेट विजेच्या खांबावरून करंट सोडतो. फासकी डुकरासाठी लावतात आणि तीत बिबट्या अडकतो. तारेने कंबर कापत गेलेला बिबट्या सोडवायला मी गेलोय. त्याचा आवाज मी विसरू शकत नाही. करंटच्या तारेने तर माणसं मेली आहेत, बहुतेक वेळा पहाटे मळ्यात जाणारी, तार कुठे आहे ते ठाऊक नसलेली. कायदेशीर वाट जेवढी बंद आणि लांबची, तेवढ्या या वाटा वाढतात. यात आमच्या खात्याचाही दोष आहे. माझ्या टेबलावर एका शेतकऱ्याचा अर्ज अकरा दिवस पडून राहिला होता. मी आदेश काढला तेव्हा त्याच्या खाचरात कापायला काही उरलं नव्हतं. त्याने तो कागद घेतला आणि काही न बोलता गेला. त्यानंतर मी असा अर्ज आला की त्याच दिवशी माणूस पाठवायचो.

मग गावाच्या हातात काय आहे? माझ्या अनुभवात सगळ्या गुंत्याचं मूळ मटणात आहे. हे सभेत बोलायला अवघड आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पारधीत वाटे पडतात. बार लागला त्याचा वेगळा, हाकाऱ्यांचे वेगळे, कुत्र्यांचाही असतो. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी आले की रान काढायची हौस येते, आणि त्या वेळी शेतात पीक असेलच असं नाही. शिमग्याला कुठलं भात उभं असतं? म्हणजे पिकाचं नाव पुढे करून वाट्यासाठी पारध होते, आणि ज्याचं पीक खरोखर जातं तो शेतकरी तिच्यामुळे बदनाम होतो. आदेशाखाली मारलेलं डुक्करसुद्धा सरकारची मालमत्ता असतं. त्याचा पंचनामा होतो आणि त्याची विल्हेवाट वनखात्यासमोर लागते. ‘मटण कोणालाही मिळणार नाही, मेलेलं जनावर पुरलं जाईल’ एवढं एक वाक्य ठरावात घालून बघा. हौसेची माणसं आपोआप मागे सरतात आणि पीकवाले उरतात. मी दोन गावांत हे करून पाहिलं. एका गावात जोरात बोलणारे सातजण होते, हे वाक्य वाचल्यावर दोघे उरले, आणि त्या दोघांचीच शेतं रानाच्या कडेला होती. दुसऱ्या गावात सभा मोडली, हेही सांगतो. तिथे ठराव सहा महिन्यांनी झाला.

तेव्हा ठरावात काय लिहावं? प्राणी एकच, रानडुक्कर. क्षेत्र गट क्रमांकांसह, ‘संपूर्ण गाव’ नाही. मुदत भात पोटरीत आल्यापासून, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असल्यापासून, कापणीपर्यंत. नुकसान झालेल्या शेतकऱ्यांच्या अर्जांची यादी जोडायची, आणि प्रत्येकाने भरपाईचा अर्जही तीन दिवसांच्या आत केलेला असावा, कारण तोच नुकसानीचा पुरावा होतो. बंदूक ज्याच्या नावावर तोच बार काढील, आणि त्याची परवाना प्रत जोडायची. परवान्यावर हेतू लिहिलेला असतो तो वाचा. आत्मसंरक्षणाचा परवाना इथे चालेल असं धरून चालू नका. बार माचावरून खाली जमिनीकडे, वस्तीकडे तोंड करून कधीच नाही. हाकारा नाही. हाकाऱ्यात माणसं झाडीत असतात आणि बंदूकवाल्याला ती दिसत नाहीत. त्या रात्रीची खबर आधी वनरक्षक, पोलीस पाटील आणि वाडीतल्या सगळ्या घरांना. पिलांची मादी नाही. जनावर जखमी होऊन पळालं तर त्याच रात्री वनरक्षकाला फोन आणि उजाडल्यावर वाडीत दवंडी, यात लपवायचं काही नाही. हा ठराव म्हणजे वनक्षेत्रपालांकडे केलेली शिफारस आहे, परवानगी नाही, हेही त्यातच लिहा. याने तुमच्या दोन्ही गटांना हवं ते मिळतं: पीकवाल्यांना कायदेशीर वाट, आणि छर्ऱ्यांना घाबरलेल्यांना बंदूक कुठे, कधी आणि कोणाच्या हातात असणार याची खात्री.

परवाना नव्याने काढायचा विचार असेल तर या हंगामाची आशा धरू नका. पोलीस चौकशी, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, कागदपत्रं यांत महिने जातात. शिवाय निवडणूक लागली की बहुतेक ठिकाणी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि आपल्याकडे निवडणुका ऐन कापणीतही येतात. म्हणून केवळ बंदुकीवर विसंबू नका.

डुकरं कुठे राहतात ते आधी बघा. गावातले लोक ‘जंगलातून येतात’ म्हणतात. मी माग काढत गेलोय तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा ती दोन वाड्यांमधल्या पडीक जमिनीत दिवसा बसलेली सापडली. मालक मुंबईला, जमीन पंधरा वर्षं पडून, रानमोडी आणि घाणेरी छातीएवढी वाढलेली, मध्ये ओहोळ आणि चिखलात लोळायची जागा. मादी तिथेच पिलं घालते, एका वेळी चार-सहा. एक मोठा नर मारून तो कळप कमी होत नाही, आणि गोळी लागते ती बहुतेक एकट्या फिरणाऱ्या नरालाच. ती झाळी भात पोटरीत येण्याआधी साफ केली तर कळपाला दिवसा बसायला जागा उरत नाही. मालकांना पत्र पाठवणं, त्यांची संमती घेणं, श्रमदान लावणं हे काम मात्र ग्रामपंचायत पूर्णपणे स्वतःच्या अधिकारात करू शकते. मला विचाराल तर तुमच्या सभेचा निम्मा वेळ यावर जायला हवा.

झटका मशीनचं, म्हणजे जीव न घेता फक्त झटका देणाऱ्या तारेचं कुंपणही चालतं, पण सामाईक असेल तरच. एकाने घातलं की कळप शेजाऱ्याकडे वळतो आणि भांडण लागतं. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी, आणि पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो. दर आठ दिवसांनी खालचं गवत कापायची पाळी लावा. कुंपण घालून सोडून दिलेली शेतं मी ढिगाने पाहिली आणि ‘मशीन फसवं आहे’ ही तक्रारही तितक्याच वेळा ऐकली. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, तुमचं गाव त्यात बसतं का ते वनपालांना विचारा.

वेळेचं गणित एवढंच: कोकणात भात सप्टेंबरात पोटरीत येतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला तर शेतकऱ्यांचे अर्ज जोडून तो त्याच आठवड्यात वनक्षेत्रपाल कार्यालयात द्या, एक प्रत तहसीलदारांना आणि एक पोलीस ठाण्याला. पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. चार दिवसांत कोणी पाहणीला आलं नाही तर स्वतः जा, सोबत ज्यांचं पीक गेलंय अशा दोन बायांना घ्या, आणि लोळवलेल्या खाचराचे फोटो गट क्रमांक लिहून न्या.